मल्ल तिम्माजीने शड्डू न ठोकिला, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, आणि प्रसन्न नसल्यास निदान या लेखणीवर रागे न भरो. शके सोळाशे सत्त्याऐंशी, संवत्सराचे नाव दोन पंचांगांत दोन निघाले सबब लिहिले नाही, मास चैत्र, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहू नये अशी आज्ञा आहे आणि आज्ञा नसती तरी आम्ही लिहिले नसते, एक मोठा घोळ जाहला. त्याची हकीकत हुजुरांनी लिहविली. आज्ञा ऐशी की खरे ते सर्व लिहावे, मात्र कोणाचा दोष निघू नये. आम्ही बावीस वर्षे दरबारी कारकुनी केली, परंतु ऐसे लिहिणे कसे लिहावे हे आम्हांस अद्याप उमगले नाही. तरी जसे पाहिले तसे लिहितो, वाचणाराने जुळवून घ्यावे.

त्या राज्यात सरदार हणगोजीराव म्हणून थोर गृहस्थ. त्यांची तालीम, आणि तालमीत तिम्माजी पाथरवट म्हणून मल्ल, वय सव्वीस, दगड फोडणाऱ्यांच्या वस्तीतला. सरदारांनी त्यास लहानपणी खाणीवरून उचलून आणिला आणि म्हशीचे दूध, बदाम, तूप घालून ऐसा वाढविला की त्याची पाठ पाहून परमुलखीचे मल्ल वाटेतूनच माघारे फिरत. तेथील चाल ऐशी की चैत्री यात्रेस हुजूर कुस्तीच्या हौद्यापाशी येऊन बसतात, मग मल्ल लाल मातीत उतरतो, हुजुरांकडे तोंड करून मांडीवर आणि दंडावर थाप मारितो, तो शड्डू. शड्डू झाला म्हणजे हलगी वाजावी, हलगी वाजली म्हणजे पंचांनी धरलेला मल्लांचा हात सोडावा, आणि मग कुस्ती लागावी. शड्डूवाचून हलगी नाही आणि हलगीवाचून कुस्ती नाही. हे इतके जुने की कोणी कोठे लिहून ठेविले नव्हते, आणि पुढील सर्व घोळ तेथूनच निघाला.

त्या दिवशी तिम्माजी उतरला, माती कपाळी लाविली, आणि दोन्ही हात छातीवर बांधून उभा राहिला. हलगीवाला टिपरी उचलून वाट पाहतो, पंच हात धरून वाट पाहतात, हुजूर लोडास टेकून वाट पाहतात, आणि हा हुजुरांकडे न पाहता कोतवालीच्या चौकीकडे पाहतो. कोणी म्हणाले उन्ह लागले, कोणी म्हणाले नवस असेल, मग राजवैद्य आले आणि त्यांनी त्याचा कान पाहिला, नाडी पाहिली, आणि प्रकृती उत्तम म्हणून सांगितले, तेणेकरून सर्व अधिकच घाबरले. मग वस्ताद इमामसाहेब, ज्यांनी त्यास पहिला डाव शिकविला, ते स्वतः मातीत उतरले आणि हळूच म्हणाले, "तिम्मा, मार की थाप. हुजूर ताटकळले." तेव्हा तिम्माजी बोलिला, "वस्ताद, माझ्या दाजीला चौकीत मारून टाकला. त्याची चौकशी होईस्तवर माझी मांडी गप." हे आम्ही चार हातांवर बसून ऐकिले. त्याचा दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, राणोजी. देवळाची समई चोरीस गेली म्हणून हवालदाराने त्यास पाथरवटांच्या वस्तीतून धरून नेला, कारण चोरी झाली की त्या वस्तीतूनच कोणी तरी धरायचा, ही हवालदाराची रीत. तिसऱ्या दिवशी त्याचे प्रेत मिळाले. समई पुढे देवळाच्या कोठीतच पोत्यांमागे सापडली. वस्ताद वर येऊन पंचांस म्हणाले, "हलगी वाजवा, माझ्या जबाबदारीवर." हलगी वाजली, कुस्ती लागली, आणि तिम्माजीने तीन पळांत समोरचा चीत केला. लोक टाळी वाजवावी की न वाजवावी या विचारात असताच पुढली जोड उतरली.

यानंतर राज्यात जे चालले ते लिहिताना हात गोंधळतो. कोणी म्हणाले, हा गादीचा अपमान. कोणी म्हणाले, गादी हुजुरांखाली, मांडी तिम्माजीची, एकीचा अपमान दुसरीने कसा होतो? निष्ठावंत मंडळी आपली निष्ठा दिसावी म्हणून बाजारात येता जाता शड्डू ठोकू लागली, आणि एक वाणी तराजू सोडून थापा मारीत बसला तो गिऱ्हाईक निघून गेले. उलटपक्षी कित्येक भले लोक हात बांधून हिंडू लागले, त्यांत सवयीने हात बांधलेले कोणते आणि रागाने कोणते हे शिपायांस ओळखू येईना, म्हणून दोन्ही प्रकारचे धरून दोन्ही सोडिले. आम्ही स्वतः त्या दिवसांत हात कोठे ठेवावे हे न कळून कागद धरूनच फिरत होतो.

मग हणगोजीरावांनी दरबारी अर्ज गुदरला की, खुराक आमचा, तालीम आमची, लंगोटसुद्धा आमचा, तर मांडी कोणाची? निवाड्यास पंच नेमिले, शास्त्री बोलाविले. शास्त्रीबोवांनी चार दिवस पोथ्या पाहून सांगितले की, जो गाईस चारा घालितो तो दुधाचा धनी, हा न्याय लागू. तेव्हा तिम्माजी हात जोडून म्हणाला, "दूध देतोच की, महाराज. कुस्ती मारली का न्हाई? पर गाय हंबरली, तर ते हंबरणं बी धन्याचंच का?" शास्त्रीबोवांनी पोथी मिटली, पुन्हा उघडली, आणि पुढली तारीख मागितली. वस्तादांस पुसिले, तर ते म्हणाले, "तीस वर्षं पोरं घडवली. डाव माझे म्हणालो, पाठ माझी कधी म्हणालो नाही." यावर पंच म्हणाले, उत्तर सुंदर आहे, पण प्रश्नाचे नाही.

एके दिवशी सरदार भर दरबारात पगडी काढून खाली बसले आणि डोळ्यांस पाणी आणून म्हणाले, "लेका तिम्मा, तुला ताप आला तर मी तीन दिवस उशाशी बसलो. मला एकदा येऊन सांगितलं असतंस, तर मी ऐकलं नसतं का?" तिम्माजीही गहिवरला. म्हणाला, "धनी, सांगितलं. चार बारीला सांगितलं. तुम्ही म्हणालात, कुस्तीकडं ध्यान दे, पोलादासारखा राहा." सरदारांस आठवले की नाही कोण जाणे, ते पगडी फिरवीत राहिले. आम्ही दोघांकडे पाहत होतो. सरदार बोलत तेव्हा सरदार खरे वाटत, मल्ल बोले तेव्हा मल्ल खरा वाटे. इतके खरे की सरदार दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर ही बखर चार ओळींत आटोपती.

तीन महिने वाद होऊन शेवटी निवाडा जाहला, तो असा: शड्डूपासून निकालापर्यंत मल्लाचे सर्व शरीर, मांडी, दंड, पाठ आणि त्यांतून निघणारा किंवा न निघणारा आवाज यांसुद्धा, पोशिंद्याचे आहे, शड्डू ठोकावा, न ठोकील तर तालमीतून काढावा. निवाडा ऐकून सर्वांनी वाहवा केली. तिम्माजीने तो दोन वेळा वाचून घेतला आणि पुसिले, "शरीर सगळं धन्याचं? पाठ बी?" पंच म्हणाले, "पाठ प्रथम." तो म्हणाला, "बरं झालं, विचारलेलं बरं."

मग नागपंचमीचा कुस्त्यांचा फड आला. परराज्याचा गजाप्पा म्हणून मल्ल, हत्तीच्या पिलाएवढा, समोर उतरला, आणि गर्दी ऐशी की झाडांवर पाने दिसेनात. तिम्माजीने माती लाविली, हुजुरांकडे तोंड केले, आणि शड्डू ठोकिला, तो वेशीपर्यंत ऐकू गेला. सरदारांनी मिशीवर हात फिरविला. हलगी वाजली, पंचांनी हात सोडिला, आणि तिम्माजी दोन पावले मागे सरून मातीत उताणा निजला. दोन्ही खांदे टेकले. गजाप्पा जागीच उभा. म्हणाला, "ए दादा, ऊठ की, मी अजून हात न्हाई लावला." तिम्माजी निजूनच म्हणाला, "मी कुठं पडलो, गड्या? ही पाठ सरदारांची हाय. सरदार पडल्यात, त्यास्नी उठव." पंचांनी एकमेकांकडे पाहिले. निवाडा मागविला, वाचिला, उलटा करून वाचिला, पण दुसरा अर्थ निघेना. मग भालदार, जो आज्ञेबाहेर एक अक्षर बोलणारा नव्हे, त्याने काठी आपटून ललकारी दिली, "सरदार हणगोजीराव चीत!" सरदार आसनावरून उठले आणि त्यांनी नकळत आपली पाठ झाडिली. त्यावर जो हशा झाला तो आम्ही लिहीत नाही.

हुजुरांसही हसू आले, आणि हसता हसता ते एकाएकी थांबले आणि म्हणाले, "पण हा मुळात रुसला कशावरून?" दरबारी मंडळी मनातल्या मनात दप्तरे चाळू लागली. तीन महिन्यांची दप्तरे, त्यांत गाय होती, दूध होते, लंगोट होता, पण कारण कोठेच नव्हते. कोणी पुसिलेच नव्हते. आम्हांस ठाऊक होते आणि आम्ही बोललो नव्हतो, कारण आम्हांसही कोणी पुसिले नव्हते. ही लाज लिहून ठेवितो. मग तिम्माजी उठून बसला आणि मातीने भरल्या अंगाने राणोजीचे सर्व सांगितले. गजाप्पा, जो परमुलखीचा आणि ज्यास यातले काही ठाऊक नव्हते, तो शेजारी मांडी घालून बसला. हुजुरांनी तेथेच चौकशीची आज्ञा केली.

चौकशी झाली. हवालदाराची त्या चौकीवरून बदली झाली, ती नवी जागा पहिल्यापेक्षा बरी आहे असे म्हणतात, खरे खोटे देव जाणे. राणोजीच्या बायकोस, यमनाबाईस, सरकारातून एक कागद मिळाला. आणि हणगोजीरावांनी तिम्माजीस तालमीतून काढिला, कारण तालीम त्यांची होती आणि आपण होऊन पडणारा मल्ल कोणी ठेवीत नाही. तो निघाला त्या दिवशी सरदार दारापर्यंत आले आणि तसेच परत गेले. तिम्माजी आता आपल्या वस्तीत दगड फोडितो. दुसऱ्या कोणी सरदाराने त्यास घेतले नाही. वस्ताद म्हणाले, शंभर वर्षांत एक पाठ ऐशी होते.

श्रावण सरता सरता आम्ही कोतवालीवरून जात होतो, तो चौकीसमोर यमनाबाई उभी. तिला वाचता येत नाही, म्हणून येणाऱ्या जाणाऱ्या लिहित्या माणसास अडवून ती तो कागद वाचून घेते, असे ऐकिले होते. तिने आम्हांपुढे धरिला आणि म्हणाली, "कारकूनदादा, वाचा." आम्ही इकडे तिकडे पाहून हळूच वाचिले, "राणोजी पाथरवट, राहणार वेशीबाहेर, निरपराध असता चौकीत मार लागून मृत्यू पावला." ती म्हणाली, "म्होट्यानं वाचा. आत ऐकू गेलं पायजे." आमचा पगार सरकारचा, लेखणी सरकारची, आणि आवाजाविषयी निवाड्यात मल्लांचे लिहिले आहे, कारकुनांचे काही लिहिले नाही. पुष्कळ विचार केला, काही ठरेना. मग मोठ्याने वाचिले. आतून एक शिपाई दारात आला. ती म्हणाली, "आणखी एकदा." तेव्हा त्याच्याकडे पाहून आणखी एकदा वाचिले.

सारांश इतकाच की, सरदारांचा हक्क शाबूत राहिला, मल्लाचे शरीर मल्लास परत मिळाले, आणि राणोजी निरपराध होता. पैकी पहिल्या दोन गोष्टींचा अर्थ आम्हांस अद्याप लागला नाही.