पोत्यांच्या काट्यावर चौघं

विमान उडवणं सोपं, त्यात घरच्यांना बसवणं अवघड, असं फ्लाइंग क्लबातल्या एका जुन्या वैमानिकानं सांगितलं तेव्हा देवेंद्र फणसे मनापासून हसला होता. सांवेर रोडवर अख्खा कारखाना सांभाळणाऱ्या माणसाला घरची तीन माणसं काय जड! खाजगी वैमानिकाचा परवाना हातात पडताच त्यानं अन्नपूर्णा मंदिराजवळच्या सासुरवाडीत जाऊन छातीठोकपणे सांगून टाकलं, की रविवारी सगळ्यांना आकाशातून इंदूर दाखवतो, फक्त वेळेवर तयार राहा.

सासरे दौलतराव यांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. घोडा घेण्याआधी त्याचे दात बघायचे ही घराण्याची रीत, आणि दौलतराव ती मिक्सरपासून जावयापर्यंत सगळ्यांना लावत. त्यांनी निकाल दिला: विमान आधी ते स्वतः तपासणार. पटलं तर त्यांची मुलगी पूर्वा त्यात बसेल. नाही पटलं, तर जावईबापूंनी आयुष्यभर एकट्यानं उडावं. पूर्वाची उडायची फार इच्छा होती, पण वडिलांचा शब्द मोडायची तिची तयारी नव्हती. त्यामुळे रविवारची सहल म्हणजे देवेंद्रची परीक्षाच होती, आणि परवान्याच्या परीक्षेपेक्षा ती त्याला जास्त अवघड वाटत होती.

चौथी जागा दौलतरावांच्या थोरल्या बहिणीनं, आनंदीबाईंनी, न विचारताच घेतली.

आता छोटं विमान म्हणजे बस नव्हे. त्यात कोण किती वजनाचं आणि कुठे बसलंय याचा हिशेब वैमानिकाला आधी करावा लागतो. देवेंद्रनं फोनवर प्रत्येकाचं वजन विचारलं. पूर्वा म्हणाली, लग्नात होतं तेवढंच. आनंदीबाई म्हणाल्या, असेन पन्नास-बावन्न. देवेंद्रला त्यांच्या घरचा सोफा आठवला, त्यांच्या बाजूनं तो कायमचा खाली गेला होता. वजन मात्र त्याला खरं हवं होतं.

म्हणून रविवारी सकाळी शहराबाहेर हातोद गावाच्या पुढच्या धावपट्टीकडे जाताना त्यानं गाडी मध्येच मंडीत वळवली. त्याचा मित्र अंकुर धान्याचा व्यापारी. त्याच्या गोदामात पोती तोलायचा काटा होता, लाल आकड्यांचा, मोठ्या थाळीचा. अंकुरनं काटा पुसून दिला आणि म्हणाला, "भिया, इसपे आज तक सोयाबीनच चढा है."

"विमानाला खोटं चालत नाही," देवेंद्रनं सगळ्यांना उभं करून समजावलं. "घरी चालतं, ऑफिसात चालतं. विमानाला नाही."

दौलतरावांना वाक्य आवडलं. पण का चालत नाही, हे त्यांना हवं होतं. देवेंद्रनं दोरीला बांधलेली काठी धरून दाखवली. मागे वजन जास्त झालं की शेपूट खाली जातं, नाक वर उठतं आणि मग विमान वैमानिकाचं ऐकेनासं होतं. म्हणून जड माणूस पुढे, हलकं मागे. दौलतरावांनी काठी हातात घेतली, स्वतः करून बघितली, दोरी पुढेमागे सरकवली, आणि लहान मुलासारखे खूश झाले. इतका वेळ परीक्षा बरी चालली होती.

आनंदीबाई मात्र काट्याकडे पाठ करून उभ्या. त्या काय गव्हाचं पोतं होत्या? पूर्वानं युक्ती काढली. आत्या, तुलादान करतात तसं समज, देवळात नाही का गुळानं तोलतात! हे पटलं. आनंदीबाईंनी चपला काढल्या, हात जोडले आणि देवाचं नाव घेत थाळीवर चढल्या. लाल आकडे जरा थरथरले आणि पन्नास-बावन्नच्या बरेच पुढे जाऊन थांबले. अंकुरनं खूप लांबच्या एका पोत्याकडे बघितलं.

दौलतराव काडीसारखे. त्यांचा आकडा आला तेव्हा देवेंद्रनं हिशेब पुन्हा एकदा करून बघितला. पुढची जागा सासऱ्यांची, असं सगळेच धरून चालले होते. हिशेब म्हणत होता, पुढे आत्याबाई.

"आत्याबाई वडीलधाऱ्या," तो म्हणाला, "पुढचा मान त्यांचा."

"मान वयानं द्यायचा होता, तर काट्यावर कशाला चढवलंत?" दौलतरावांनी विचारलं. त्यांना राग नव्हता, खरंच उत्सुकता होती. मग काठी आठवून त्यांनी स्वतःच उत्तर काढलं, आणि स्वतःची समजूतही. होळकर सरकारांची मोटर होती तेव्हा मालक मागे बसायचे, पुढे ड्रायव्हर. म्हणजे मागची जागाच मानाची.

हे ऐकताच आनंदीबाईंना मागेच बसायचं झालं. आपण काय ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, या वयात? त्यांना पुढे बसायला राजी करण्यात देवेंद्रचा सकाळचा अर्धा जोर संपला. शेवटी पुढच्या काचेतून अन्नपूर्णेचा कळस सगळ्यात आधी दिसेल, या एका गोष्टीवर त्या मानल्या.

आता राहिला डबा. इंदूरचा माणूस शेजारच्या गल्लीतही सेव घेतल्याशिवाय जात नाही, आणि आनंदीबाईंनी तर कचोऱ्या, सेव आणि बाटलीभर चटणी घेतली होती. डब्याचंही वजन झालं. देवेंद्रनं फोनवर आकडे जुळवले, आणि बेरीज मर्यादेच्या जेमतेम आत बसली. डबा सोडला तर. डबा राहिला तर आपणही राहू, असं आनंदीबाई म्हणाल्या.

मग एकच मार्ग उरला. डबा इथेच संपवायचा. सगळे पोत्यांवर बसले. देवेंद्रला ताणात भूक लागते, त्यानं चार कचोऱ्या उडवल्या आणि पाचवी हातात घेतली.

दौलतराव सेव चघळत विचार करत होते. "जावईबापू, एक विचारू? डब्यातलं पोटात गेलं, तर वजन कमी कसं झालं?"

देवेंद्रनं पाचवी कचोरी तोंडापासून खाली घेतली.

"आणि दुसरं असं," दौलतराव म्हणाले, "आम्ही सगळे चढलो. तुम्ही नाही चढलात."

"माझं माहीत आहे, अण्णा. बहात्तर. डॉक्टरांच्या तपासणीत लिहिलंय."

"ते केव्हाचं?"

ते शिकायला सुरुवात केली तेव्हाचं होतं. त्यानंतर इंदुरात कितीतरी पोहे-जलेब्या झाल्या होत्या. देवेंद्र काट्यावर चढला. आकडे बहात्तरला थांबले नाहीत, ऐंशीला थांबले नाहीत, आणि नव्वदला टेकून एकदाचे शांत झाले. बेरीज मर्यादेबाहेर गेली होती.

थोडंसंच तर जास्त होतं. लोक उडतात असे, आणि इथे कुणाला काय कळणार होतं? पूर्वा आशेनं त्याच्याकडे बघत होती. देवेंद्रनं फोन खिशात टाकला.

"आज चौघं नाही उडू शकत," तो म्हणाला.

दौलतराव काट्याच्या आकड्याकडे वाकून बघत होते. "कोण उतरलं तर बरोबर बसतं?"

देवेंद्रनं प्रामाणिकपणे हिशेब केला. पूर्वा उतरली तरी बसत होतं, अण्णा उतरले तरी. पण सगळ्यात छान, अगदी आरामात, एकाच माणसाच्या उतरण्यानं बसत होतं.

"मी," तो म्हणाला.

दौलतराव काट्यावरून सरळ झाले. मग पूर्वाला म्हणाले, "तू जा ह्यांच्याबरोबर. काट्यावर चढून खरं बोलतात, वरही बोलतील. मी आणि ताई खालून बघू."

देवेंद्र घाईनं गाडीची किल्ली शोधू लागला, तेव्हा त्याला पाचवी कचोरी आठवली. ती अजून त्याच्या हातातच होती. आनंदीबाई उठल्या आणि त्यांनी ती हळूच काढून घेतली.

"ही इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "पोरीला घेऊन जाताय."