शेवटचं तुझं

पागे मॅडमच्या घरून पोहे येतात त्यावर शेव नसते. शेव वेगळ्या पुडीत, जिरावन मसाला वेगळ्या पुडीत, लिंबू अख्खं. इंदूरमध्ये बिनशेवेचे पोहे शेजारी पाठवणं हा जवळजवळ गुन्हा आहे. पण मॅडम डबा हातात ठेवतात आणि म्हणतात, "शेवटचं तुझं."

कुठलंच काम त्या पुरं करत नाहीत. चहात साखर टाकतील, ढवळणार नाहीत. माझ्या आईला त्यांनी स्वेटर विणून दिला, तर शेवटचं बटण सुईदोऱ्यासकट खिशात. आई आठ दिवस कुरकुरली, "इतकी मोठी प्रोफेसर अन् एक बटण नाही लावता येत! हद्द आहे भिया." नवव्या दिवशी तिने ते लावलं. आता तो स्वेटर ती 'मी केलेला' म्हणून सगळ्यांना दाखवते.

डॉ. शालिनी पागे ऑक्युपेशनल थेरपीच्या प्राध्यापक. तीस वर्षं परदेशात शिकवलं, अपंगांच्या हक्कांसाठी देशोदेशी फिरल्या, आणि निवृत्त होऊन जुन्या इंदुरात आमच्या शेजारी आल्या. गल्लीला त्या व्यायामवाल्या बाई वाटतात. समोरचे दुकानदार रोज विचारतात, "मॅडमजी, घुटने का कुछ बताओ ना." मॅडम त्यांना स्टूल चार बोटं उंच करायला सांगतात आणि चौथा पाया त्यांनाच ठोकायला लावतात.

मी एकदा विचारलं, तुमचं शास्त्र म्हणजे नेमकं काय?

"आजारी माणसाला त्याचा दिवस परत मिळवून देणं. दात घासणं, भाजी चिरणं, बस पकडणं. मन आजारी असेल तर आधी हेच हातातून सुटतं बघ. मग नऊ टप्पे आपण करायचे, दहावा त्याने. जमला की नववाही त्याचा. सगळंच करून दिलं की ती चोरी होते, रेवा."

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा गिरणी कामगारांची पत्रकं छापून भिंतींवर चिकटवायचे, मी खळीची बादली धरायचे. अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. वॉर्ड ऑफिसच्या दाराशी व्हीलचेअरसाठी उतार नाही म्हणून मी जळजळीत पत्रक लिहिलं. मॅडमनी ते वाचलं आणि शेवटची मागणी खोडून तिथे रिकामी ओळ ठेवली. "ही लोकांची." लोकांनी ती भरली. काहींनी उतार मागितला, बऱ्याच जणांनी नाली साफ करून मागितली, एकाने माकडांचा बंदोबस्त. मी चिडले. मॅडम खूश. "लिहिलं तर खरं!"

दर रविवारी मात्र त्या चिडचिड्या असतात. सकाळी शहराबाहेर बेटमा गावाच्या रस्त्यावरची बस धरतात, दुपारी परत येतात. कुठे जातात ते विचारलं, तर एकदा म्हणाल्या, "चल."

रस्त्यापासून आत मनोरुग्णांचं एक जुनं रुग्णालय होतं. ओसरीवर एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाई मटार सोलत बसल्या होत्या. मॅडमची धाकटी बहीण, मंदाताई.

"मंदे, खोली तयार आहे," मॅडम म्हणाल्या.

"पुढच्या रविवारी बघू शालू. आज मटार आहेत ना. मी नाही सोलले तर कोण सोलेल?" मंदाताईंनी माझ्या हातावर चार दाणे ठेवले. "हिला का उपाशी आणलंस?"

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मंदाताई केव्हाही घरी जाऊ शकतात, फक्त त्यांची इच्छा हवी.

फाटकाबाहेर मी पेटले. "तुम्ही इतक्या मोठ्या! सही करा, गाडी आणा, न्या घरी! नाहीतर मी पत्रक काढते."

"पत्रक नको." त्यांनी बसचे सुटे पैसे मोजून हातात घेतले. मग म्हणाल्या, "वडिलांनी तिला फिरायला जाऊ म्हणून इथे आणलं. मी शिकायला परदेशी होते. पत्र आलं. मी आले नाही, परीक्षा होती. तेव्हा तिला न विचारता आणलं, आता न विचारता नेऊ?"

माझ्या मुठीत मटार होते.

घरी आल्यावर त्यांनी ती खोली दाखवली. उंबरा काढलेला. खिडकीची कडी खाली, बुटक्या माणसाचा हात पोचेल अशी. पलंगही बुटका, आणि खिडकीत मटार सोलायला एक परात. गादीवर नवी चादर, वर उघडी उशी, शेजारी घडी केलेला निळा अभ्रा. मॅडम चहा टाकायला गेल्या. मला वाटलं, एवढं तरी आपण करावं. मी अभ्रा उशीला घातला, कोपरे नीट ओढले.

मॅडम कप घेऊन दारात आल्या. कप खिडकीत ठेवले, उशी उचलली, अभ्रा सावकाश काढला, हाताने सुरकुत्या मोडत त्याची पहिल्यासारखीच घडी घातली आणि उशीशेजारी ठेवला.

"हे मंदीचं आहे," त्या म्हणाल्या.

मग माझा कप माझ्यापुढे सरकवला. मी चमचा घेतला आणि ढवळू लागले.