झबलं झाल्याशिवाय पाणी नाही

वैशाखातली दुपार. बारामतीपासून कोऱ्हाळ्यापर्यंत स्कूटरच्या मागच्या सीटवर भाजून निघालेला माणूस एका दारात उतरतो. टोपी काढून कपाळ पुसतो. घरातली बाई लगबगीनं तांब्या-पेला घेऊन येते. माणूस दोन्ही हात जोडतो आणि म्हणतो, "पानी नगं. लेकीच्या घरचं पानी चालत न्हाय आमाला."

बाई बघतच राहते. कारण त्या घरात त्याची लेकबिक कुणी नसते. असतं ते कोपऱ्यातलं एक शिलाई मशीन, महिन्याभरापूर्वी त्याच्याच दुकानातून आणलेलं.

हे आमचे गेनबातात्या. बारामतीत माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला लागून त्यांचं शिलाई मशीनचं दुकान. मधे फक्त एक भिंत, तीही इतकी पातळ की तिकडं तात्या शिंकले की इकडं माझ्या डोळ्यावरचं भिंग खाली पडायचं. स्कूटर चालवणारा माणूस म्हणजे अर्थातच मी. पेट्रोल माझं, व्याही त्यांचे.

व्याही म्हणजे गिऱ्हाईक. तात्यांच्या तोंडात 'गिऱ्हाईक' हा शब्दच नव्हता. मशीन विकलं असंही ते कधी म्हणाले नाहीत. "परवा एक सणसरला दिली," म्हणायचे. आणि द्यायच्या आधी चौकशी तरी किती! "ठेवनार कुठं? चुलीपाशी? मग न्हाय जमायचं." "तेल कोन घालनार?" "घरात बारकी पोरं किती? चाकाशी खेळत्यात का?" माणूस घ्यायला आलेला असायचा आणि तात्या त्याला मुलगा बघायला आल्यासारखे निरखायचे. एकदा एका फौजदाराला त्यांनी चक्क नकार दिला. का, तर म्हणे, "बोलनं लई तडक हाय. आपली बिचारी गरीब सोभावाची." मशीनचा स्वभाव गरीब! मी भिंतीपलीकडून ऐकत होतो, कपाळावर हात मारून घेतला.

जमलं की मग सोहळा. मशीनला हळदकुंकू, पायडलवर नारळ, सोबत तेलाची कुपी, सुयांची पुडी आणि जादा पट्टा. हे रुखवत. टेम्पो हलला की तात्या रस्त्याच्या वळणापर्यंत चालत जायचे आणि परत येऊन माझ्या बाकावर बसायचे. त्या दिवशी त्यांना चहा मी पाजायचा, हा अलिखित नियम. कुणी केला मला माहीत नाही, मी तर नक्कीच नाही.

दुकानदारी इथं संपते, निदान माझी तरी संपते. घड्याळ दुरुस्त केलं, गिऱ्हाईक गेलं, विषय मिटला. तात्यांचं सगळं इथून पुढं सुरू व्हायचं. दर सोमवारी दुकानं बंद. सकाळी सातला हाक यायची, "ओ घड्याळवाले, काढा गाडी. लई दिस झालं, लेकीस्नी बघून येऊ." की निघाली वरात. तात्यांच्या एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची मोठी बाटली. बाटली मात्र दोघांची. "प्या, प्या, लाजू नगा," म्हणून वाटेत दहा वेळा पुढं करायचे. तेवढा माणूस दिलदार.

आमच्या स्कूटरचा आवाज आता वाड्यावस्त्यांवर ओळखीचा झाला होता. आवाज आला की बायका धावत जाऊन मशीनवरची दप्तरं, कपड्यांची गाठोडी, लसणाच्या जुड्या उचलायच्या. तरी एकदा सांगवीला पकडलंच. मशीनवर ज्वारीचं पोतं! तात्या लालबुंद झाले. "लेकीच्या उरावर पोतं? आमी काय हिला धान्य वाहायला दिली व्हय?" घरधनी दोन एकर उसाचा मालक, कारखान्याचा सभासद, भल्याभल्यांना न घाबरणारा. पण त्यानं मुकाट्यानं पोतं उचललं आणि "चुकलं, तात्या," म्हणाला.

पाण्याचं तेवढं सांगायचं राहिलं. लेकीला मूल होईतोवर बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. तात्यांनी ती जशीच्या तशी मशीनला लावली होती. मशीनवर पहिलं झबलं शिवून झालं की लेक बाळंतीण झाली. मग पाणी, चहा, जेवण, सगळं चालतं. तोवर स्वतःची बाटली. ज्यांच्या घरी तान्हं मूल नाही ते बिचारे शेजारपाजारी मूल शोधत फिरायचे.

कोऱ्हाळ्याच्या त्या वस्तीवर तर कमालच झाली. मेंढरं सोडून शेतीला लागलेलं धनगराचं घर. मशीन घेतलेलं लक्ष्मीबाईनं. घरात तान्हं नाही, शेजार अर्ध्या मैलावर. तात्या तीन खेपा कोरडेच परतले. चौथ्या खेपेला लक्ष्मीबाई पदर खोचून बाहेर आली. काखेत शेळीचं करडू, आणि करडाच्या अंगात फुलाफुलांचं झबलं! बंद मागं बांधलेले.

"आता काय म्हनता?" ती म्हणाली. "आमच्या घरात ह्येच तान्हं हाय."

मला हसू आवरेना. तात्या मात्र गंभीर. त्यांनी करडू मांडीवर घेतलं, झबलं उलटं करून शिवण बघितली, टाक्यावरून नख फिरवलं. करडानं तेवढ्यात त्यांच्या शर्टाची कॉलर चघळली. बराच विचार करून तात्यांनी निकाल दिला, "लेकरू ते लेकरूच. आना पानी."

ही गोष्ट तात्यांच्या घरातून अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळ्या गल्लीला सांगितली. पंचमीला माहेरी आलेल्या शकूलाही सांगितली. शकू हसून हसून बेजार झाली होती म्हणे.

शकू ही तात्यांची खरीखुरी, रक्ताची एकुलती एक लेक. नरसिंहपूरला दिलेली. रुखवतात अर्थातच मशीन. आता गंमत बघा. बारामती आणि इंदापूर असे दोन्ही तालुके हा माणूस माझ्या स्कूटरवर पालथे घालायचा, पण इंदापूर गाठलं की म्हणायचा, "फिरवा गाडी. म्होरं आपलं कुनी न्हाय." पुढंच तर नरसिंहपूर! मी एकदा इंदापूरच्या स्टँडसमोर चहा पिताना चिडून विचारलं, "तात्या, अहो लोखंडाच्या लेकींना भेटायला माझं पेट्रोल जाळता, आणि पोटच्या लेकीच्या गावाला पाठ फिरवता? हा कुठला न्याय?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. "लग्नाला धा वरसं झाली तिच्या. मूल न्हाय. आधी जायाचो मी. वसरीला बसायचो. ती पानी आनायची, मी नगं म्हनायचो. मग ती आत चुलीम्होरं जाऊन बसायची, ती माझी गाडी सुटंस्तवर भाईर यायची न्हाय. माझ्या 'नगं'नं सगळ्या घराला आठवायचं, आपल्याकडं काय न्हाय त्ये."

"मग प्या की पाणी! कोण बघतंय?"

"आन रीत मोडली आन तिचं व्हायाचं आसंल त्ये बी ऱ्हायलं तर?" तात्या म्हणाले. "बापाच्या तहानंपायी लेकीचं नुसकान? मला न्हाय धीर व्हत."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी बडबडतो. बारामती येईतोवर पेट्रोलच्या भावावर बोलत राहिलो.

दिवाळीनंतर एक दिवस नरसिंहपूरहून जावयांचा निरोप आला. 'मशीन बिघडलंय, टाका धरत नाही. तात्यांनाच पाठवा.' तात्या दिवसभर माझ्या बाकावर चुळबुळत बसले. "दुसरा मिस्त्री हाय की इंदापुरात," म्हणाले. लगेच, "पर त्यो मेला हातोडी घिऊनच हात घालतोय." परत थोड्या वेळानं, "शटल अडकलं आसंल, दुसरं काय." शेवटी मीच म्हणालो, "सोमवारी गाडी काढतो. दिलेल्या मशीनला नाही म्हणणार आहात का?" सोमवारी सहालाच तात्या दारात हजर. पिशवी, बाटली आणि नवीन टोपी.

नरसिंहपूरला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. शकू दारातच उभी होती. जावई होते, सासूबाई ओसरीला शेंगा फोडत होत्या. तात्या कुणाकडं न बघता थेट मशीनपाशी गेले. झाकण उचललं, चाक फिरवलं, तेल बघितलं, चिंधी घालून टाका मारून बघितला. टाका कसा, आखल्यासारखा सरळ.

"हिला काय झालंय?" तात्या बुचकळ्यात पडून म्हणाले. "ही तर ठणठणीत हाय."

"तिला काय बी झालं न्हाय, तात्या," शकू म्हणाली आणि परसात गेली.

परत आली तेव्हा तिच्या काखेत एक पांढरं करडू होतं. अंगात लाल झबलं, गळ्याला पिवळी पट्टी. करडू बें बें करून घर डोक्यावर घेत होतं.

"हितं मला कुनी झबलं शिवायला देत न्हाय," शकू म्हणाली. "माझ्या हातचं चालत न्हाय म्हंत्यात. पर तुमच्यात करडू चालतंय म्हनं. दोन लेकी दिल्या तुमी ह्या घरात. त्यातली येक तर झाली का न्हाय बाळंतीन?"

ओसरीवर शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. मी भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाकडं बघत राहिलो.

तात्यांनी करडू मांडीवर घेतलं. झबलं उलटं केलं. शिवण बघत राहिले, बघतच राहिले. इतका वेळ त्यांनी कुठल्याच मशीनची शिवण तपासली नव्हती. डोळे पुसायला टोपी काढली, ती नवी होती म्हणून परत घातली आणि बाहीनंच पुसले.

"गळा वाइच मोठा झालाय," कसंबसं म्हणाले.

"वाढतं अंग हाय त्याचं," शकू म्हणाली.

"लेकरू ते..." तात्या म्हणू लागले. त्यांनी नुसता हात पुढं केला.

शकूनं तांब्या आणला. पेल्याची वाट न बघता तात्यांनी तांब्याच तोंडाला लावला. पाणी मिशांवरून, गळ्यावरून शर्टावर सांडत होतं. दहा वर्षांची तहान एका तांब्यात भागत नाही, दुसरा मागितला. मग चहा झाला. मग सासूबाई स्वतः उठून म्हणाल्या, "आता जेवल्याबिगर जायाचं न्हाय, पावनं."

निघताना तात्यांनी पिशवीतली बाटली काढली, आतलं बारामतीचं पाणी परसात ओतून दिलं आणि रिकामी बाटली शकूच्या हातात दिली. "भरून दे. वाटंनं लागंल."

परतीला इंदापूरच्या पुढं माझा घसा सुकला. गाडी बाजूला घेतली आणि सवयीनं मागं हात केला. "तात्या, बाटली द्या जरा."

तात्यांनी बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"हाटेल हाय की म्होरं," ते म्हणाले. "तितं प्या."