सावलीत बसून मोजलेले ससाणे

मोजणं हा माझा धंदा आहे. गोदामातला माल मी मोजतो, आणि आजवर एक खोकं इकडचं तिकडे झालेलं नाही. त्यामुळे सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता पाखरं कोण मोजणार असा घरात प्रश्न पडला, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आहे ना!" बायकोनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की शहाण्या माणसानं तिथल्या तिथे शब्द मागे घेतला असता.

हवा पालटली की सासरे रोज टेकडीवर जाऊन बसतात. थंडीला कंटाळून दक्षिणेकडे निघालेले ससाणे तिथून जातात, ते मोजायचे. एरवी दिवसाला दहा-वीस. पण एखाद्या वर्षी वारा नेमका फिरतो आणि शेकडो ससाणे एकाच दुपारी जातात म्हणे. तो दिवस सासऱ्यांनी जन्मात पाहिलेला नाही. एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्याचं हे ऑपरेशन, आणि पुढच्या वर्षी कितपत दिसेल ते डॉक्टर सांगेनात. दिवसभर वाऱ्या-धुळीत बसायलाही बंदी.

"जावईबापू, ससाणे जमायला लागले की फोन करा," ते म्हणाले. "मी कसाही येईन. एकदाच बघू द्या."

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी सरावाला खाडीवर धाडलं, तिथली पाणपाखरं मोजली. चिखलात कशी छान रांगेत बसली होती! एक रांग मोजली, रांगांनी गुणलं, झालं काम. खोकी उडत नाहीत, एवढाच काय तो फरक. आकडा सासऱ्यांनी दोनदा विचारून घेतला. मी ती शाबासकी समजलो.

दुसऱ्या दिवशी टेकडी. चढून दम लागणार, बसायला दगड, डोक्यावर ऊन. म्हटलं, आभाळ काय, सगळीकडे सारखंच! आमच्या गोदामाच्या गच्चीवर पत्र्याची सावली आहे, खुर्ची आहे, खालून चहा येतो. तिथं ठाण मांडलं. आणि काय सांगू, जेवायच्या सुट्टीआधीच गोदामामागे पाखरं घिरट्या घालायला लागली. पन्नास, शंभर, दोनशे! थांबायचं नावच नाही. मी फोन लावला.

"शेपटी पाहिलीत का?" सासऱ्यांनी घाईनं विचारलं.

"आहे ना. सगळ्यांना आहे."

"अहो, कशी आहे?"

"मागे आहे, बाबा. तुम्ही आधी निघा!"

गोदामावरून कसे काय जातायत, असं त्यांनी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा नाही विचारलं. एखादी गोष्ट इतकी हवी असली की माणूस फार खोलात शिरत नाही.

लिफ्ट नेमकी बंद. दोन हमालांनी त्यांना खुर्चीसकट चार मजले वर आणलं. मागून बायको, तिच्यामागे थर्मास आणि डोळ्यांचे थेंब घेऊन सासूबाई. सासऱ्यांनी काळा चष्मा पुसला आणि वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जावईबापू, गोदामामागे काय आहे?"

"कचरा डेपो."

"ह्या घारी आहेत, शेपटीला खाच आहे बघा. बारा महिने इथंच असतात. पंधरा-वीस असतील. त्याच फिरून फिरून येतायत."

म्हणजे प्रत्येक फेरीला मी त्यांना नव्यानं मोजत होतो! गोदामात माल फिरत नाही हो.

हमाल हसले. मीही हसायच्या बेतात होतो, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन वाजला. टेकडीवरच्या मोबाइल टॉवरचा पहारेकरी होता, सासऱ्यांच्या रोजच्या ओळखीतला. मोठ्यानं बोलायची त्याला सवय, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"काका, आज कुठं राहिलात? अहो, आभाळ भरून गेलं होतं! तासभर नुसते ससाणेच ससाणे. आत्ताच शेवटचे गेले."

सासरे माझ्यावर ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"कसे गेले ते सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. मला घाई नाही."

तो सांगत राहिला, ते ऐकत राहिले. बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. बघायला मला घारींखेरीज दुसरी जागा नव्हती. त्या दुपारची सल अजून जात नाही.

यंदा पुन्हा हवा पालटली आहे. सासऱ्यांना आता लांबचं दिसत नाही. बायको टेकडीवर बसून मोजते आणि त्यांना सांगते. मीही रोज जातो, दगडावर बसतो, ऊन खातो. तसा दिवस पुन्हा आलेला नाही. माझ्याकडे चहाचं काम दिलंय. पेले मात्र सासूबाई मोजून देतात, आणि घरी आल्यावर मोजून घेतात.