साइड दिल्याबद्दल नापास

रूपसिंग राठोड यास गाडी चालवता येत नाही, असे त्याला सत्तावीस वर्षे गाडी चालवल्यानंतर लेखी कळवण्यात आले. पत्र बाभुळगावच्या जिल्हा वाहनकौशल्य पडताळणी केंद्राचे होते आणि त्यावर गोल शिक्का होता, म्हणजे चुकीचा प्रश्नच मिटला. रूपसिंगने ते वाचले तेव्हा तो पांढरकवडा–यवतमाळ मिनीबसच्या ड्रायव्हर सीटवरच बसला होता. मग इतकी वर्षं आपण करून काय राह्यलो होतो, असे त्याला घटकाभर वाटून गेले.

झाले होते असे, की केंद्रप्रमुख नंदकिशोर सबनीस यांनी रविवारी सहकुटुंब एक सिनेमा पाहिला. मोटारींच्या शर्यतीचा. घरात बसून व्हिडिओ गेम खेळणारा पोरगा एक दिवस खऱ्या शर्यतीत उतरतो आणि भल्याभल्यांना मागे टाकतो, अशी गोष्ट. त्यावर सुरुवातीलाच 'सत्यकथा' अशी पाटी. एरवी जिवंत माणसाला हयातीचा दाखला मागणारे सबनीससाहेब पडद्यावरच्या पाटीला मात्र पुरावा मागत नसत. ते रडले. मध्यंतरात समोसा खाऊन पुन्हा रडले. आणि सोमवारी परिपत्रक निघाले: 'ज्याअर्थी गेम खेळणाऱ्यास गाडी चालवता येते, त्याअर्थी गेम न येणाऱ्यास गाडी चालवता येत नाही. सबब सर्व चालकांची चाचणी यापुढे गेमवर घेण्यात यावी.' गेम खेळल्याची नोंद नसलेल्या प्रत्येक चालकाला तसे पत्र गेले. चाचणीचे मैदान रिकामे झाले, तिथे साहेबांनी गुलाब लावले.

बसचा मालक बबलूशेठ माणूस वाईट नव्हता, पण शिक्क्याला घाबरून होता. "राठोडभाऊ, पास होऊन या बा. नाही त मले दुसरा ड्रायव्हर पाहा लागते."

रूपसिंग गेला. गार खोलीत मोठा पडदा होता, टेबलाला एक खेळण्यातले स्टिअरिंग ठोकले होते आणि शेजारी लिपिक अनघाताई चहा घेऊन बसल्या होत्या. रूपसिंगने स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला.

"मॅडम, हॉर्न कुठी हाये?"

"शर्यतीत हॉर्न नसतो."

"मंग समोरच्याले कसं समजंन?"

"समोरून कोणी येतच नाही. सगळे एकाच दिशेने जातात."

"असा रस्ता कोन्या तालुक्यात हाये?"

याचे उत्तर परिपत्रकात नव्हते, म्हणून अनघाताईंनी शर्यत सुरू केली. पहिल्याच वळणावर रूपसिंगने वेग कमी केला, कारण वळणापलीकडे कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, असते. नव्हती. दुसऱ्या वळणावर नसेल तर तिसऱ्यावर असेल म्हणून त्याने तिथेही ब्रेक दाबला. तेवढ्यात मागून एक लाल गाडी आली. आता मागून गाडी आली की आपण डावीकडे सरकायचे आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून 'जा बापा' करायचे, हा ड्रायव्हर लोकांचा रिवाज. रूपसिंगने हात काढला. खिडकी नव्हती, अनघाताईंचा चहा होता. तो रजिस्टरवर सांडला. तरी गड्याने रिवाज मोडला नाही, पाठोपाठ सातही गाड्यांना साइड दिली आणि शेवटून पहिला आला.

शंभरपैकी अकरा गुण. शेरा: 'उमेदवार वळणाआधी विनाकारण वेग कमी करतो. मागून येणाऱ्यास वाट देतो. वृत्ती चालकाची वाटत नाही.' फेरचाचणी पंधरा दिवसांनी.

सत्तावीस वर्षांत ज्याने कोंबडीचे पीससुद्धा चिरडले नाही, त्याला हे वाचून मेल्याहून मेल्यासारखे झाले. तांड्यावर परतल्यावर त्याने शेऱ्याचा कागद घरच्यांपुढे ठेवला. त्याची मुलगी रंजिता बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होती; ती आपला फोन घेऊन समोर बसली.

"बा, ब्रेक लावूच नोको."

"समोर बंडी आली त?"

"गेममधी बंडी नसते. अन् वळताना भिंतीले घासू दे, टाइम वाचते."

"उलटली त?"

"हे लाल बटन दाबायचं. पुन्हा पहिल्यापासून सुरू."

रूपसिंग बटनाकडे पाहत राहिला. "अन् मांगची सवारी?"

"बा, गेममधी सवारी नसते."

तो शिकला. पोटासाठी माणूस काय शिकत नाही! भिंतीला घासायला शिकला, कोणी साइड मागितली तर त्यालाच ढकलून द्यायला शिकला. त्याची बायको रुक्माबाई रोज पाहत होती. जेवतानासुद्धा त्याचा उजवा पाय अधूनमधून ब्रेक दाबल्यासारखा हलायचा, ती जुनी सवय होती. चौदाव्या दिवशी पाय हलला नाही. "पाय दुखते काय तुमचा?" तिने विचारले. "नाही, पास होईन म्हणतो," तो म्हणाला.

आणि झाला. चौऱ्याण्णव गुण! सबनीससाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. "राठोड, तुमच्यावर सिनेमा निघेल. सत्यकथा!" त्याची तयारी म्हणून ते दुसऱ्याच दिवशी मोबाइल घेऊन मिनीबसच्या केबिनमध्ये बसले. सोबत चिरंजीव पियूष. त्याला शंभरपैकी शंभर गुण होते, जिल्ह्यात पहिला, आणि केंद्राने त्याला बस चालवण्याचा परवाना हातोहात दिला होता. त्याने जन्मात सायकलही चालवली नव्हती, पण अर्जात तसा रकाना नव्हता. मागे खच्चून सवारी भरली होती.

पांढरकवडा सोडल्यावर तिसऱ्या वळणापलीकडे कापसाची बंडी होती. बरोबर तिथेच, जिथे ती सत्तावीस वर्षे असायची.

रूपसिंगला बंडी दिसली. पाय हलला नाही. हात मात्र डॅशबोर्डवर लाल बटन शोधायला गेला आणि तिथे लावलेल्या सेवालाल महाराजांच्या फोटोला बोटे लागली. तेव्हा कुठे त्याला मागची सवारी आठवली. त्याने ब्रेकवर उभे राहूनच गाडी थांबवली. बंडीत आणि बसमध्ये वीतभर अंतर उरले. बंडीवरून हंसाबाई नावाची म्हातारी ओरडली, "काहून रे, डोये घरी ठेवून आला काय?"

रूपसिंग खाली उतरला. खिशातून प्रमाणपत्र काढून त्याने साहेबांपुढे धरले.

"साहेब, नापास होतो तवा माही गाडी थांबत होती. आता पास झालो अन् पाय ब्रेकवर जाऊन नाही राह्यला. मले पुन्हा नापास करा."

"उत्तीर्णास अनुत्तीर्ण करण्याची तरतूद नाही," साहेब मोबाइल न हलवता म्हणाले. "छान बोललात. पुन्हा एकदा म्हणा, जरा रडवेले."

"मी गाडी चालवत नाही."

"मग पियूष चालवेल. शंभर गुण आहेत त्याला."

शंभर म्हटल्यावर सवारीने टाळ्या वाजवल्या. पियूष सीटवर बसला, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, "काका, रीस्टार्टचं बटण कुठे आहे?"

रूपसिंग धावत मागे गेला, प्रवाशांचे दार उघडले आणि हात जोडून म्हणाला, "उतरा. पाया पडतो, उतरा."

आता तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर उतरलो असतो. अहो, रुमाल टाकून धरलेली ती खिडकीजवळची सीट तुमचीच होती की! रूपसिंग तीनदा म्हणाला, उतरा. पहिल्यांदा तुम्ही घड्याळ पाहिले. दुसऱ्यांदा पियूषच्या व्हिडिओसाठी मोबाइल काढला. आणि तिसऱ्यांदा तुम्ही त्याला म्हणालात, "भाऊ, जरा बाजूले व्हा ना, व्हिडिओत येऊन राह्यले तुम्ही."