एकाच खेपेत

पोखर्णीवर अंमल निजामाचा होता, पण बन्सीधरच्या घरावर किफायतीचा. "एका तिफणीत ज्वारी आन् तूर दोन्ही पेरतोत, मंग संसारात येकेक काम सुटं कामून करायचं?" असं तो पारावर छाती ठोकून सांगायचा. ऐकणाऱ्यांना ते पटायचंही.

त्याची माय कासाबाई तापानं अंथरुणाला खिळली. बायको केवळाबाई म्हणाली, "अवो, गाडी जुपा. परभणीला दवाखान्यात न्या."

"वापसा आलाय. बैल पेरणीला लागतेत. डाक्टर काय म्हातारीचं वय कमी करायलाय?"

मायच्या सरणासाठी कोरडी लाकडं त्यानं उन्हाळ्यातच गोठ्यात रचून ठेवली होती. शिवाय पोराचं जावळ राहिलं होतं. पाव्हणे एकदाच बोलवू, जावळही होईल अन् मातीलाही सगळे हजर राहतील, असा त्याचा बेत.

पाव्हणे आले. निम्म्यांना जावळाचा निरोप पोचला होता, निम्म्यांना मायच्या शेवटाचा. मामा पोराला नवी कुंची घेऊन आला आणि आत्या धुरपताबाई वेशीपासूनच गळा काढत आली. त्या कालव्यानं कासाबाई उठून बसली.

"कोन गेलं गं?"

"कोनीच न्हाई वैनी," आत्या डोळे पुसत म्हणाली, "आजून."

जावळ झालं, तरी पाव्हणे हलेनात. एवढं आलोच आहोत तर म्हातारीचं बघूनच जाऊ, असं म्हणत रोज पंगतीला बसू लागले. झडीनं सरपण भिजलेलं, म्हणून चुलीत गोठ्यातली लाकडं जायला लागली. ती संपली, चूल धुपायला लागली, तेव्हा कुठं पाव्हण्यांना आपापली पेरणी आठवली.

कासाबाईनं लेकाचा हात धरला. "बन्सी, पाव्हणे गेले नव्हं? आता गाडी मोकळी आसंल."

"उद्या बघू, माय."

सकाळी ती गेलेली होती.

गावभर ओली लाकडं. कोरडी मिळायची ती परभणीच्या वखारीत, आणि वखार होती दवाखान्याला लागून. बन्सीधरनं गाडी जुपली. केवळाबाई दारात उभी होती. तिच्याकडे त्याला बघवलं नाही.

दवाखान्याच्या फाटकावर चपराशानं गाडी अडवली. "बीमार कुठं हाय?"

"घरी हाय."

"आन् गाडी रिकामीच आनली? येताना घालून आनायचं की, बाबा. येका खेपेत काम झालं आसतं."

बन्सीधरनं मान हलवली आणि बैल वखारीकडं वळवले.