ॲडमंट जावई
चौकशी केल्याशिवाय आपली लेक चांगुणा कुठेच द्यायची नाही, असं भिकनरावांनी ठरवलं होतं. आणि भिकनरावांनी एकदा ठरवलं की त्यांची बायको सुमनबाई त्या विषयावर बोलणं सोडून देत. अठ्ठ्याहत्तर साली चांदवडचं स्थळ आलं. मुलगा, झुंबर, शाळामास्तर होता. भिकनरावांनी त्याच्या हेडमास्तरांना पत्र टाकलं. उत्तर पोस्टकार्डावर, इंग्रजीत, मोजून तीन शब्दांत आलं: ऑनेस्ट, पंक्च्युअल, ॲडमंट.

पहिले दोन येत होते. पण गंगापूर रोडच्या कचेरीत वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तिसरा कोणाला विचारणार? त्यांनी डिक्शनरी काढली. शब्द मूळचा ग्रीक. न फुटणारा दगड, हिरा. खाली आणखी दोन ओळी होत्या, पण हिरा सापडल्यावर पुढे वाचायची त्यांना गरज वाटली नाही. सोयरीक पक्की झाली, कॉलनीभर पेढे वाटले गेले.

शब्द इतका आवडला की पुढच्याच आठवड्यात मोठ्या साहेबांच्या निरोप समारंभात त्यांनी तो वापरला. "अवर साहेब इज व्हेरी ॲडमंट," ते भरल्या गळ्याने म्हणाले. मागे कोणीतरी खोकलं. साहेबांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. मग हेडक्लार्कनी भिकनरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की पूर्वी हिऱ्याला म्हणत असतील, आता हेकट माणसाला म्हणतात. कितीही समजवा, तसूभर हलत नाही असा.

भिकनराव सायकल हातात धरून चालतच घरी आले. साहेबांचं काय, ते तर निवृत्तच झाले होते. पण आपण पोरीच्या गळ्यात हेकट माणूस बांधला, हा विचार काही डोक्यातून जाईना. चांगुणा भाकऱ्या करत होती, सुमनबाई शेजारीच बसल्या होत्या. तिला त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"तू नाही म्हण, मी उद्याच चांदवडला जाऊन मोडून येतो." भिकनराव म्हणाले.

"एवढंच ना, अण्णा? मला वाटलं, दारूबिरू पितो की काय." तिने भाकरी उलटली. "हेकट माणसाला कसं सांभाळायचं, ते आईचं बघून बघून मला कधीच आलंय."

सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला. भिकनरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि सकाळपासून आपण उपाशी आहोत हे त्यांना आठवलं. दुसरी भाकरी मोडताना मात्र लेकीच्या बोलण्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला.

"मी हेकट नाही," ते म्हणाले.

हात धुवेपर्यंत त्यांनी ते आणखी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा मायलेकी नुसतं "बरं" म्हणाल्या.